व्ही-क्रॉसचं नाक दोन इंच वर घ्यायचंय? आधी चुना लावा

प्रश्न राजापूरकडच्या एका बागायतदारांचा आहे. त्यांच्याकडे २०१८ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप आहे, फोर बाय फोर. गाडी पुढून बसकी दिसते आणि सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, बागेत उतरताना खालून घासते, अशी त्यांची तक्रार. जवळच्या गॅरेजवाल्याने सुचवलंय की पुढच्या शॉकअपवर दोन इंची स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, टाकू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यांना विचारायचंय, टाकू का? आणि टाकलाच तर पुढे काय काय दुखणी निघतील?

स्पेसरबद्दल आधी एक गोष्ट, कारण त्यात फसगत मोठी आहे. 'दोन इंची स्पेसर' म्हणजे दोन इंच जाडीचा, की गाडी दोन इंच उचलणारा? हे दोन वेगळे आहेत. तुमच्या गाडीला पुढे दोन आर्म आहेत, वरचा आखूड आणि खालचा लांब. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच बसलेले आहेत आणि त्या जोडीचा खालचा बोल्ट खालच्या आर्मला लागतो. पण तो आर्मच्या टोकाला, चाकाशी नाही. तो मधेच कुठेतरी लागतो. समजा चेसिसकडच्या बुशपासून (आर्मच्या रबरी सांध्यापासून) चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंतच्या अंतराच्या ५५ टक्क्यांवर हा बोल्ट आहे. मग शॉकअप २५ मिमी खाली ढकलला की चाक जवळजवळ ४५ मिमी खाली जातं. तरफेचा साधा हिशोब आहे. याच हिशोबाने खरोखर ५० मिमी जाडीची चकती घातली, तर गाडी साडेतीन इंचांच्या वर उठेल आणि तिथे काहीच शाबूत राहणार नाही. म्हणून गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की चकतीची जाडी किती. त्याने 'दोन इंच' म्हणून दोन इंच जाडी दाखवली, तर चहा प्या आणि गाडी घेऊन घरी या.

आता मूळ तक्रारीकडे. त्यात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत, 'बसकी दिसते' आणि 'घासते'. त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही.

बसकी दिसते कारण ती तशीच बनवली आहे. कुठलाही पिकअप रिकामा असताना मागून उंच असतो. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वजन वाहायला ठेवलेले आहेत. हौद्यात आंब्याच्या पेट्या चढल्या की मागचं बूड बसतं आणि गाडी सपाट होते. रिकाम्या गाडीला तुम्ही पुढून उचलून सपाट केलंत, तर भरल्यावर ती नाक वर करून चालणार. शहरात हौदा फक्त दाखवायला असतो, तिथे हे कुणाला जाणवत नाही. तुम्ही एप्रिल-मे महिन्यात रोज माल भरणार आहात. तेव्हा नुसतं दिसण्यासाठी उचलणार असाल तर माझं मत नाही असं आहे.

घासण्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे मला तुमच्या पत्रातला एक शब्द खटकला. 'उतरताना.' गाडी पुढून नीची म्हणून घासत असेल, तर ती बहुतेक चढताना किंवा खड्ड्यात शिरताना घासते, पुढच्या बंपरची हनुवटी टेकते. कातळाच्या पायरीवरून उतरताना आधी पुढची चाकं खाली जातात, मग पोट टेकतं, नाहीतर पायदान टेकतं, आणि शेवटी मागची चाकं उतरली की मागचा बंपर किंवा ओढणीचा हूक आपटतो. म्हणजे तुमचं दुखणं पुढचं नसण्याचीही बरीच शक्यता आहे. आता गंमत बघा. गाडी पुढून उचलली की ती मागच्या चाकांवर तोलून सीसॉसारखी फिरते. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर ३०९५ मिमी आहे. पुढून ५० मिमी उचललं की मागच्या चाकांच्या मागे जे सव्वा मीटरच्या आसपास धड लोंबतं, त्याचं टोक सुमारे दोन सेंटीमीटर खाली येतं. तुमचा मागचा बंपर घासत असेल, तर पैसे खर्च करून तुम्ही तो जास्त घासवणार.

म्हणून आधी चुना लावा. खाण्याचा नव्हे, भिंतीला लावायचा, पाण्यात दाट कालवलेला. पुढच्या बंपरची खालची कड, इंजिनाखालचा पत्रा, दोन्ही पायदानं, चेसिसच्या आडव्या पट्ट्या, मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा, पाट्यांचे यू-बोल्ट आणि मागचा बंपर यांना तो चोपडा. सायलेन्सर गार असू द्या. चुना वाळला की नेहमीच्या वाटेने एकदा उतरा, एकदा चढा. एकदा रिकामी गाडी, एकदा पेट्या भरून. मग खाली वाकून बघा कुठला चुना गेलाय. मी हे गेली कित्येक वर्षं करायला लावतो, आणि निम्मे लोक त्यानंतर लिफ्टचं, म्हणजे गाडी उचलायचं, नाव काढत नाहीत.

कारण पुढचं सस्पेन्शन उचलून काय उंच होतं आणि काय होत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. बंपरची हनुवटी आणि इंजिनाखालचा पत्रा पूर्ण उंच होतात. गाडीचं मधलं पोट निम्मंच उंच होतं. मागचा गोळा एक केसभरही उंच होत नाही, कारण तो एक्सलवर आहे आणि एक्सल चाकांवर. कंपनी तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स २२५ मिमी सांगते, आणि मागच्या गोळ्याखाली मिळणारी जागा वाढवायला टायर मोठा करण्याशिवाय दुसरा उपाय नाही. चाकोऱ्या खोल पडून मधे उंचवटा राहिलेल्या वाटेवर बहुतेक हाच गोळा घासतो. तिथे दोन ट्रॉल्या मुरूम चाकोऱ्यांत टाकणं हे कुठल्याही सस्पेन्शन किटपेक्षा स्वस्त आणि पक्कं काम आहे.

टायरचा हिशोबही इथेच सांगून टाकतो. तुमच्या गाडीला १७ इंची असतील तर २५५/६५, १८ इंची असतील तर २५५/६०. दोन्हींचा व्यास जवळपास सारखाच, ७६३ मिमी. २६५/६५ आर१७ टाकलात तर व्यास ७७६, म्हणजे उंची मिळते जेमतेम साडेसहा मिमी. २६५/७० आर१७ टाकलात तर व्यास ८०३, उंची वाढते सुमारे २० मिमी, आणि ती खरी उंची, गोळ्यासकट. पण मग मीटर ९५ दाखवेल तेव्हा गाडी १००ने पळत असेल, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला लागेल का ते तपासावं लागेल, आणि वेगाला व ब्रेकला थोडी सुस्ती येईल. स्टेपनीची जागा मोजायला विसरू नका.

आता समजा चुना हनुवटीचाच गेला. किंवा तुम्ही पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) बसवला आहे आणि त्या वजनाने नाक खरंच बसलंय. मग उचलायला हरकत नाही, पण उंची येते कुठून ते समजून घ्या. ती कुणी फुकट देत नाही. चाकाला वर-खाली खेळायला ठरावीक जागा असते. समजा एकूण २०० मिमी आहे, उभ्या गाडीपासून ११० वर आणि ९० खाली. तुम्ही गाडी ५० मिमी उचलली म्हणजे खरं तर चाक ५० मिमी खाली ढकललं. शॉकअप तोच असेल तर आता वर खेळायला १६० आहेत, पण खाली उरले फक्त ४०. खड्ड्यात चाक पडलं किंवा स्पीड ब्रेकरवरून उतरलं, की चाळीस मिमीत शॉकअप पूर्ण लांब होऊन 'ठक' करून अडकतो. गाडी उंच, आणि तरी पूर्वीपेक्षा जास्त आदळते. लोक मग म्हणतात शॉकअप गेला. गेलेला नसतो, त्याला जागाच उरलेली नसते.

हे दुखणं येतं ते स्प्रिंगच्या बैठकीत चकती घालून स्प्रिंग जास्त दाबली की. गॅरेजवाले याला प्रीलोड म्हणतात. तुमच्या गॅरेजवाल्याने सांगितलेला प्रकार बहुधा दुसरा आहे, शॉकअपच्या डोक्यावर, चेसिसच्या आणि वरच्या प्लेटच्या मधे चकती. त्यात खाली जायची जागा कमी होत नाही, उलट अख्खा शॉकअपच खाली सरकतो. म्हणून लोकांना तो बरा वाटतो, आणि खरं सांगायचं तर पाऊण-एक सेंटीमीटरची चकती असेल तर बराच काळ काही होतही नाही. पण चकती जाड झाली की चाक कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्याही खाली लोंबायला लागतं. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनाला जाऊन अडकतो. काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगच्याच वेटोळ्याला जाऊन लागतो. आणि उलट बाजूला, चाक जोरात वर आलं की आर्म रबरी स्टॉपरला टेकायच्या आधीच शॉकअप आतून तळाला लागतो. म्हणजे स्टॉपरने खायचा मार शॉकअपचा पिस्टन खातो.

तिसरा आणि योग्य रस्ता म्हणजे स्प्रिंगच बदलायची, त्याच उंचीला जास्त वजन पेलणारी, आणि सोबत तिला शोभेल असा, पूर्ण उघडल्यावर थोडा लांब असणारा शॉकअप. ऑस्ट्रेलियात ही गाडी मोठ्या संख्येने आहे, त्यामुळे ओल्ड मॅन इमू, आयर्नमन, टफ डॉग अशा तिथल्या नावांचे संच तिच्यासाठी बनतात. त्यात पुढच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे निवडायच्या असतात. नुसता कंपनीचा बंपर असेल तर एक, लोखंडी बंपर किंवा विंच असेल तर दुसरी. इथे लोक हमखास चुकतात. 'कडक ती चांगली' म्हणून जड बंपरची स्प्रिंग रिकाम्या नाकाला बसवतात. मग गाडी ठरवल्यापेक्षा उंच उभी राहते आणि बैलगाडीसारखी खडखडते. स्प्रिंगची ताकद गाडी उचलायला नसते, ती तुमच्या गाडीच्या पुढच्या वजनाशी जुळायला हवी. संच महाग आहे, नुसत्या चकतीच्या कितीतरी पट. पण पुढून ४० मिमीच्या पलीकडे जायचं असेल तर मी चकतीचं काम हातात घेत नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

चाळीसच का? सीव्ही जॉइंटमुळे. तुमची गाडी फोर बाय फोर आहे, म्हणून पुढच्या डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांकडे एकेक शाफ्ट जातो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही फिरत राहणारा सांधा, त्यावर रबरी बूट. कंपनीतून हा शाफ्ट जवळजवळ आडवा असतो. दोन जॉइंटमधलं अंतर ४०० मिमी धरलं तर गाडी ५० मिमी उचलल्यावर तो सुमारे ७ अंश कलतो. ही नुसती उभ्या गाडीची गोष्ट. चाक खड्ड्यात लोंबलं आणि स्टीअरिंग पूर्ण वळलेलं असलं की बाहेरच्या जॉइंटवर हे सगळे कोन एकमेकांवर चढतात. जॉइंट लगेच तुटत नाही. आधी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, मग बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, लाल माती आत शिरते, आणि मग वळताना 'कट-कट-कट'.

अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, दुसरीकडे काम केलेली. मालक म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतून तेल लागतं, ब्रेक ऑइल गळतंय का बघा." ब्रेक कोरडाठाक होता. ते उडालेलं ग्रीस होतं. खाली शिरून पाहिलं तर डोक्यावर चकती, शिवाय स्प्रिंगखाली दुसरी चकती. दोन्ही उपाय एकाच वेळी. वरच्या आर्मवर स्प्रिंगने घासून चमकदार खाच पाडली होती. प्रत्येक स्पीड ब्रेकरला 'टक' आवाज येतो हे मालकांनी गेले आठ महिने सांगितलं होतं, आणि त्यांना प्रत्येक वेळी उत्तर मिळालं होतं की नवीन सामान आहे, बसेल. दोन्ही चकत्या काढल्या, शाफ्ट बदलला, आर्म बदलला. गाडी परत कंपनीच्या उंचीला आली, आणि मालक जाताना म्हणाले की आता छान चालते.

काही जण शाफ्टचा कोन कमी करायला पुढचं डिफरन्शियलच चकत्या टाकून वीस-पंचवीस मिमी खाली उतरवतात. उपाय चालतो, पण गाडी उंच करायची आणि तिच्या पोटातला सगळ्यात जड लोखंडी ऐवज पुन्हा खाली सोडायचा, हे मला पटत नाही. चाळीसच्या आत राहिलात तर त्याची गरज पडत नाही.

उचलल्यानंतर चाकांचे कोन बदलतात. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) सरकतो, टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) सरकतो, आणि कॅस्टर बहुतेक वेळा घटतो. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या काट्याचा मागे असलेला कल. तो आहे म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. पिकअपमध्ये तो कमी झाला की हायवेवर स्टीअरिंग हलकं, भरकटल्यासारखं वाटतं, आणि वळणानंतर ते आपोआप सरळ येत नाही. मुंबई-गोवा हायवेवर रात्री ट्रकच्या शेजारून जाताना तुम्हाला हे कळेल, तेव्हा ते कळायला नको. खालच्या आर्मच्या बोल्टांना कोन जुळवायला दिलेल्या चकत्यांनी थोडं सुधारता येतं. ते पुरलं नाही, तर कोन सुधारून बनवलेला वरचा आर्म बसवावा लागतो. अलाइनमेंटवाल्याला फक्त 'टो बघ' म्हणू नका. कामाच्या आधीचा आणि नंतरचा कागद मागा, त्यात तिन्ही आकडे दोन्ही बाजूंचे हवेत.

दिव्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. ३०९५ मिमीच्या गाडीला पुढून ५० मिमी उचललं की दिव्याचा झोत दर मीटरला १६ मिमी वर चढतो. पन्नास मीटरवर तो ८० सेंटीमीटर वर गेलेला असतो. लो बीम मुळात दर मीटरला साधारण १० मिमी खाली झुकवलेला असतो. वजाबाकी करा. तुमचा लो बीम आता समोरच्याच्या डोळ्यांत आहे, आणि त्यात मागे पेट्या भरल्या की आणखी वर. घाटात समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर तुम्हाला शिव्या घालेल आणि त्याचं बरोबर असेल. लिफ्ट झाली की त्याच संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे खाली घ्या, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली असताना.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते थोडं सांगतो, म्हणजे शेजारी उभं राहून काय बघायचं ते कळेल. आधी मोजमाप. जमिनीपासून नव्हे, कारण टायरची हवा आकडा फसवते. चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीच्या केंद्रापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना, सपाट जागेवर, आणि आकडे लिहून ठेवायचे. बऱ्याच गाड्या एका बाजूला पाच-सात मिमी बसक्या निघतात. ते आधी माहीत नसलं तर नंतर दोष नव्या सामानाला जातो. मग गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चेसिसला आधार देऊन. जॅकवर ठेवून खाली शिरणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा.

शॉकअप बाहेर काढताना वरच्या प्लेटचे चेसिसचे नट काढायचे असतात. मधला जाड नट असतो, त्याला बाहेर येईपर्यंत हात लावायचा नाही, कारण स्प्रिंग दाबून धरलेली असते ती त्याच्याच जोरावर. समजा मिलिमीटरला १०० न्यूटन ताकदीची स्प्रिंग १०० मिमी दाबलेली आहे. तिच्यात ५०० ज्यूल साठलेले आहेत, म्हणजे ५० किलोचं सिमेंटचं पोतं एक मीटरवरून पडावं तेवढे. फरक इतकाच की ते तोंडाच्या दिशेने येतं. स्प्रिंग बदलताना तिला दाबून धरणारा चांगला कॉम्प्रेसर हवाच, आणि तो स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना नीट बसलेला हवा. दोन लांब बोल्ट आणि घरगुती पट्ट्या घेऊन हे करणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाच्या कपाळावर अजून व्रण आहे.

आणि बुश. ही माझी स्वतःची चूक, सुरुवातीच्या दिवसांतली. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबलेली, आणि मी आर्मचे बोल्ट तिथेच करकचून आवळले. दिसायला काम चोख. पण आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबलेलं असताना आवळलं की गाडी खाली ठेवल्याक्षणी रबर कायमचं पिळलेलं राहतं. चार महिन्यांत सगळे बुश फाटून गाडी परत आली, आणि मी पदरमोड करून बदलून दिले. तेव्हापासून बोल्ट हाताने सैल लावायचे, गाडी चाकांवर खाली ठेवायची, पुढून दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची, आणि मग तिच्या स्वतःच्या वजनाखाली, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळायचे. तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा, आर्मचे बोल्ट कधी आवळणार. 'गाडी खाली घेतल्यावर' असं उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे.

बाकी तपासणी पटापट. चाक पूर्ण लोंबलेलं आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलेलं असताना ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंका उलट्या पडत नाहीत ना, हे बघायचं. हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा. नवी स्प्रिंग पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत थोडी बसते, म्हणून अलाइनमेंट दोनदा करावं लागेल, लगेच एकदा आणि बसल्यावर एकदा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. खराब झालेली स्प्रिंग बदलणं वेगळं आणि गाडीची उंची वाढवणं वेगळं, आणि ही रेषा कुठे आहे ते मी ठरवत नाही. परिवहन कार्यालयात आधी विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर सगळ्यात आधी गाडीखालीच वाकतो. पुढे लोखंडी गार्ड लावायचा विचार असेल तर तोही सोडा. त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलेलं आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित त्याने बिघडतं.

जुन्या, टॉर्शन बारवाल्या पिकअपचे मालक हे वाचत असतील तर एक ओळ त्यांच्यासाठी. पहिल्या पिढीच्या डी-मॅक्सला आणि २००४ पर्यंतच्या बऱ्याच हायलक्सना पुढे कॉइल नव्हती, लांब दांडे होते, आणि एक बोल्ट फिरवून नाक वर यायचं. सामान न बदलता, दहा मिनिटांत. म्हणून सगळ्यांनी फिरवला. खाली खेळायची जागा तिथेही तेवढीच कापली जाते, फक्त पैसे लागत नाहीत म्हणून कळत नाही.

तुमच्यासाठी माझी बोली अशी. हनुवटी घासत असेल तर पुढून ३० ते ४० मिमी, योग्य वजनाची स्प्रिंग आणि जोडीचा शॉकअप, चकती नाही. मागे एक पाटा वाढवायचा का, हे तुम्ही एका फेरीत किती पेट्या नेता त्यावर. वीस पेट्यांसाठी वाढवलेला पाटा रिकाम्या गाडीत कण्याला त्रास देतो. पायदान घासत असेल तर पायदान काढून टाका, बागेत ते कुणाला लागतंय. मागचा बंपर घासत असेल तर पुढच्या कशालाच हात लावू नका. गोळा घासत असेल तर मुरूम.

चुना लावून एकदा वर-खाली करून या, रिकामी आणि भरलेली, आणि कुठला पुसला गेला त्याचे फोटो काढून ठेवा. सोबत चारही चाकांची टोपी ते मडगार्ड मापं, टाकी अर्धी असताना घेतलेली, आणि विंच किंवा जास्तीची बॅटरी काही बसवलं असेल तर त्याचं वजन. एवढं कळवलंत की स्प्रिंगचा आकडा सांगतो.